माझा जळालेला ट्रान्झिस्टर आणि रिलेवाला जोसेफ हेन्री

मागच्या महिन्यात १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीसाठी घरीच ऑटो कट-ऑफ चार्जर बनवायला घेतला. बॅटरी भरली की रिले चार्जिंग तोडणार, एवढी साधी आयडिया. रिले एकदा टक् वाजला, सुटला आणि ट्रान्झिस्टर मेला. दुसरा लावला, तोही गेला. कारण शोधत शोधत पोचलो जोसेफ हेन्रीपर्यंत.

हेन्री १७९७ साली अमेरिकेतल्या ऑल्बनीत जन्मला. घरची गरिबी, वडील लवकर गेले. पोरगा आधी दुकानात कामाला, मग घड्याळवाल्याकडे उमेदवारीला. त्याला खरं तर नाटकात जायचं होतं! सोळाव्या वर्षी विज्ञानाचं एक सोपं पुस्तक हाती लागलं आणि नाटक मागे पडलं. ऑल्बनी अकॅडमीत फी न भरता शिकला, १८२६ मध्ये तिथेच प्रोफेसर झाला.

तेव्हाचे इलेक्ट्रोमॅग्नेट दुबळे होते. तार उघडी, त्यामुळे वेढे लांब लांब घ्यायचे, नाहीतर शॉर्ट. हेन्रीने तारेलाच इन्सुलेशन दिलं आणि थरावर थर गुंडाळले. १८३१ मध्ये येल कॉलेजसाठी बनवलेल्या त्याच्या चुंबकाने २,००० पौंडांहून जास्त, म्हणजे ९०० किलोच्या वर वजन पेललं. त्याच सुमारास लांबलचक तारेच्या दुसऱ्या टोकाला त्याने घंटाही वाजवून दाखवली.

१८३२ मध्ये तो प्रिन्स्टनला गेला. लांब तारेतून येणारा करंट कमजोर, त्याने जड काम कसं होणार? यावर १८३५ च्या सुमारास त्याची युक्ती अशी: कमजोर करंटने फक्त एक छोटा चुंबक हलवायचा आणि त्याने जवळच्या दमदार बॅटरीचं सर्किट उघडायचं-मिटायचं. आपला रिले अगदी हेच करतो. कॉइलला थोडेसे मिलीअँपिअर, कॉन्टॅक्टमधून चार्जिंगचे अँपिअर.

आता माझा खुनी. लांब तार बॅटरीपासून तोडताना ठिणगी उडते आणि तार गुंडाळलेली असेल तर ती आणखी मोठी, हे हेन्रीने पाहिलं आणि १८३२ मध्ये छापलं. हेच सेल्फ-इंडक्शन. कॉइलचा करंट एकदम तोडला की ती उलटा झटका मारते, कधी शेकडो व्होल्टचा. बिचारा बीसी ५४७ कुठे टिकणार? इलाज म्हणजे कॉइलला समांतर एक उलटा डायोड, पट्टीची बाजू प्लसकडे. मी तोच विसरलो होतो.

हेन्रीने यातल्या कशाचंच पेटंट घेतलं नाही. टेलिग्राफच्या कामात मोर्सला सल्ला मोकळेपणाने दिला. पुढे पेटंटचे खटले सुरू झाले, त्यात हेन्रीला साक्ष द्यावी लागली आणि मोर्स जाहीरपणे त्याच्यावर उलटला. मला हे फार लागलं, खरं सांगतो. तोवर हेन्री स्मिथसोनियन संस्थेचा पहिला सचिव झाला होता, १८४६ पासून. त्याच टेलिग्राफवरून गावोगावचं हवामान मागवून तो नकाशावर लावायचा! १८७८ मध्ये तो गेला. १८९३ मध्ये इंडक्टन्सच्या एककाला हेन्री नाव मिळालं.

माझा चार्जर आता १४.४ व्होल्टला कट होतो. पण कट झाल्यावर बॅटरीचं व्होल्टेज जरा उतरतं आणि रिले परत लागतो, परत सुटतो, नुसती टकटक. कट आणि पुन्हा सुरू होण्याच्या व्होल्टेजमध्ये अंतर ठेवायचंय. ते येत्या रविवारी.