सी ड्राइव्हच्या आधीचा माणूस

सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजता आमचा प्रोजेक्ट रूम पार्टनरच्या लॅपटॉपवर बिल्डच होईना. माझ्याकडे विंडोज, त्याच्याकडे लिनक्स. कोड तोच, कम्पायलर तोच, तरी फाईल सापडत नाही म्हणून एररवर एरर. चूक माझीच होती. मी फाईलचा पत्ता थेट सी ड्राइव्हपासून लिहिला होता, तोही उलटा स्लॅश (\) टाकून. शिवाय नाव एकीकडे कॅपिटलमध्ये, दुसरीकडे स्मॉलमध्ये. लिनक्सला सी ड्राइव्ह ठाऊक नाही, त्याचा स्लॅश सरळ (/) आणि कॅपिटल-स्मॉल त्याला वेगळं. वैतागून मनात आलं, हे सी आलं तरी कुठून? आणि ए, बी गेले कुठे?

उत्तर शोधताना मला गॅरी किल्डॉल भेटला.

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिएटलचा. घरच्यांची नौकानयन शिकवणारी शाळा होती. हा मात्र वॉशिंग्टन विद्यापीठात गेला आणि कॉम्प्युटरमध्ये रमला. पुढे कॅलिफोर्नियात, मॉन्टेरीच्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये तो शिकवू लागला. १९७२ साली पीएच.डी. झाली. कम्पायलरने प्रोग्राम आपणहून कसा सुधारावा यावरचा त्याचा १९७३ चा पेपर आजही त्या विषयात पायाभूत मानतात.

१९७१ साली इंटेलचा ४००४ मायक्रोप्रोसेसर आला. बहुतेकांना त्यात एक छोटा सुटा भाग दिसला, गॅरीला त्यात अख्खा कॉम्प्युटर दिसला. त्याने इंटेलसाठी पीएल/एम ही भाषा लिहिली आणि १९७४ साली फ्लॉपी चालवण्यासाठी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम तयार केली. पहिली फ्लॉपी ए, दुसरी बी. फाईलचं नाव आठ अक्षरांचं, पुढे टिंब आणि तीन अक्षरं. कमांड स्मॉलमध्ये टाईप केली तरी ती कॅपिटलच धरायची. फोल्डर नव्हतेच, त्यामुळे स्लॅशचा प्रश्नच नव्हता. पुढे पीसीमध्ये हार्ड डिस्क आली तेव्हा ए आणि बी आधीच फ्लॉपीने अडवलेले, म्हणून तिच्या वाट्याला सी आलं. आता फ्लॉपी गेली, सी राहिलं.

उलट्या स्लॅशचा दोष मात्र गॅरीचा नाही. १९८३ साली एमएस-डॉस २.० मध्ये फोल्डर आले, तोवर सरळ स्लॅश कमांडच्या ऑप्शनसाठी वापरात होता. मग पत्त्यासाठी उलटा घेतला.

गॅरीचं खरं मोठेपण बायॉसमध्ये आहे. त्या काळी प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं. त्याने मशीनवर अवलंबून असलेला सगळा भाग वेगळा काढून एका जागी ठेवला. नवीन मशीन आलं की तेवढाच भाग बदलायचा, बाकी सिस्टीम आहे तशी चालायची. पत्नी डोरोथीबरोबर काढलेली त्याची डिजिटल रिसर्च ही कंपनी याच जोरावर वाढली.

१९८० साली आयबीएमची माणसं नव्या पीसीसाठी त्याच्या दारात आली. गॅरी स्वतःचं विमान घेऊन एका ग्राहकाकडे गेला होता. गुप्ततेच्या करारावरून डोरोथीचं आणि त्यांचं अडलं. पुढे काय झालं याच्या हकिकती वेगवेगळ्या आहेत. शेवटी आयबीएमने मायक्रोसॉफ्टकडून डॉस घेतलं, ते मुळात टिम पॅटरसनने सीपी/एमच्या धर्तीवर लिहिलेलं. नंतर पीसीवर दोन्ही मिळू लागले, पण डॉस ४० डॉलरला आणि सीपी/एम २४० डॉलरला. कोण काय घेणार हे सांगायला नकोच.

तेव्हापासून लोक गॅरीला विमान उडवत बसला आणि नशीब घालवून बसला एवढ्यावरच ओळखतात. मला हे फार लागलं. १९८३ पासून हाच माणूस टीव्हीवर लोकांना कॉम्प्युटर समजावून सांगत होता. १९९१ साली नॉव्हेलने त्याची कंपनी घेतली. डोक्याला मार लागून ११ जुलै १९९४ रोजी तो गेला, अवघ्या ५२ व्या वर्षी. २०१४ साली पॅसिफिक ग्रोव्हमधल्या त्याच्या जुन्या ऑफिसच्या जागी आयईईईने सन्मानाचा फलक लावला. वीस वर्षं उशिरा का होईना, लावला.

आमचा प्रोजेक्ट पहाटे चालला. सगळे पत्ते प्रोजेक्टच्या फोल्डरपासून लिहिले, सरळ स्लॅशने, कारण तो विंडोजलाही चालतो. नावं सगळी स्मॉलमध्ये. आणि जे मशीनप्रमाणे बदलतं ते एकाच फाईलमध्ये नेऊन ठेवलं. ते करताना लक्षात आलं, मला रात्रभर छळणारं ड्राइव्हचं अक्षर गॅरीच्या सिस्टीममधून आलेलं, आणि त्यावरचा इलाजही त्याचाच.

ज्युनिअर मित्रांनो, पुढच्या वेळी सी ड्राइव्ह उघडाल तेव्हा त्याच्या आधीची दोन अक्षरं आठवा. आणि तो माणूसही.