पंडिता रमाबाई : निराश्रितांची माउली

पंडिता रमाबाईंचे नाव आपणांस नवे नाही. संस्कृतच्या विदुषी, स्त्रीशिक्षणाच्या कैवारी, मूळ भाषांवरून पवित्र शास्त्र मराठीत आणणाऱ्या भाषांतरकार, अशा अनेक नात्यांनी आपण त्यांना ओळखतो. परंतु त्यांच्या चरित्रातील एका गोष्टीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ज्या बाईंनी हजारो निराश्रितांना घर दिले, त्यांचे स्वतःचे बाळपण आणि कौमार्य बेघर अवस्थेत गेले होते. त्यांच्या सेवाकार्याचे मर्म समजून घ्यावयाचे असेल, तर येथूनच आरंभ केला पाहिजे.

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. रमा काही महिन्यांची असतानाच कुटुंबाला अरण्यातील आश्रम सोडावा लागला. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटीत ठेवून प्रवास सुरू झाला. देवळांत व नदीच्या घाटांवर पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करावी आणि पुढच्या तीर्थाची वाट धरावी, असा त्यांचा क्रम होता. सन १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि थोड्याच काळात आई, वडील व थोरली बहीण मृत्युमुखी पडली. आईच्या तिरडीला खांदा देण्यास पुरेशी माणसेही मिळाली नाहीत. दोघा ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी बाजू ठेंगण्या रमाबाईंनी आपल्या डोक्यावर घेतली.

पुढे बहीणभाऊ हजारो मैल पायी हिंडले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीपासून जीव वाचविण्यासाठी त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि अंगावर वाळू ओढून घेऊन रात्र काढली. वाचकहो, हे दारिद्र्य तर होतेच; पण त्याहून दारुण असे काही त्यात होते. या दोन विद्वान मुलांची वाट पाहणारे, त्यांना आपले म्हणणारे, या विस्तीर्ण देशात कोणीही नव्हते.

ही भ्रमंती थांबण्यास आरंभ झाला तो १८७८ साली कलकत्त्यात. त्यांना तेथे कोणी वाडा बांधून दिला नाही. तेथील विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्यांनी गौरविले. सुधारक कुटुंबांची दारे तिच्यासाठी उघडली. काल जिला कोणी विचारीत नव्हते, तिचे व्याख्यान ऐकण्यास आज लोक जमू लागले. ओळख मिळाली, माणसे मिळाली आणि मग आयुष्याला ठाव मिळाला.

परंतु हा ठाव पुन्हा सुटला. १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या आरंभी पती पटकीने निवर्तले. तेविशीतील विधवा, कडेवर तान्ही मुलगी, आणि विवाह जातीबाहेरचा! अशा स्त्रीचे पुढे काय होत असे, हे त्या काळच्या समाजाला ठाऊक होते. या वेळी पुण्याच्या सुधारकांनी त्यांना बोलावून घेतले. न्यायमूर्ती रानडे यांच्या मंडळातील स्त्रिया त्यांच्याभोवती जमल्या आणि आर्य महिला समाज उभा राहिला.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ज्या भगिनींकडे त्यांचा मुक्काम होता, त्यांनी लंडनमधील फुलहॅम येथील आपले कार्य त्यांना दाखविले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे प्रेमाने जवळ केले जात होते. त्या दर्शनाने रमाबाईंच्या अंतःकरणाचा ठाव घेतला. शोमरोनी स्त्रीशी विहिरीवर बोलणाऱ्या प्रभूची ओळख त्यांना येथे पटली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

अमेरिकेत त्यांनी हिंदी विधवांची कैफियत मांडली. १८८७ साली बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे साहाय्य देण्याचे अभिवचन दिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. तेथे विधवांना आपले आचार पाळण्याची मोकळीक होती. गोदूबाई जोशी ही तेथील आरंभीची विधवा विद्यार्थिनी. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. पुढे कर्वे दांपत्याच्या हातून विधवांसाठी केवढे कार्य झाले, हे महाराष्ट्र जाणतो.

त्याच १८९३ च्या सुमारास धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठे वादळ उठले. सल्लागार मंडळातील प्रतिष्ठित सदस्य बाजूला झाले. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. ज्या पुण्याने रमाबाईंना एकदा आधार दिला होता, त्याच पुण्याने तो काढून घेतला. तरी उरलेल्या मुलींसह त्यांनी काम चालू ठेवले.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तेथे गेल्या. सरकारी अन्नछत्रांत व गरीबखान्यांत धान्य होते, छप्पर होते; तरीही एकट्या पडलेल्या मुली दुष्टांच्या हाती लागत असल्याचे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. छप्पर आहे, पण विश्वासाचे माणूस नाही, तर ते छप्परही सापळा ठरते. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर त्यांची सोय केली. तेथेच मुक्ति सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या जणींचा सांभाळ नोकरांच्या बळावर झाला नसता. शारदा सदनात शिकलेल्या मुली येथे शिक्षिका व मातृवत पालिका झाल्या. काल आलेलीने आज येणारीला हात द्यावा, अशी ही रीत होती. विणकाम, शेती, तेलाचा घाणा, छापखाना असे उद्योग चालत. मनोरमेने ब्रेल लिपी शिकून घेतली आणि अंध मुलींना अक्षरे मिळाली. ज्यांना कोठेच थारा नव्हता, त्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. रमाबाईंनी भाषांतरिलेल्या पवित्र शास्त्राचे खिळे याच मुलींच्या हातांनी जुळविले. कोणी म्हणेल, अनाथ मुलींच्या हाती एवढे काम कशाला? पण ज्याची कोणाला तरी गरज आहे, तो मनुष्य पुन्हा रस्त्यावर जात नाही, हे रमाबाई जाणून होत्या.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा देवाघरी गेली. एकुलत्या लेकीच्या वियोगातही भाषांतराचे काम पुरे करून रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या. केडगावचे कार्य आजही चालू आहे.

प्रिय वाचकहो, आपण इंदूरला असा, दिल्लीला असा की हैदराबादला. आपल्या मंदिराच्या रस्त्यावर, स्थानकाच्या फलाटावर कोणीतरी आज रात्री उघड्यावर निजणार आहे. आपण त्याला घोंगडी देतो, नाताळात मिठाईही देतो. ते चांगलेच आहे. पण त्याचे नाव आपण विचारले आहे काय? तो आजारी पडला तर दवाखान्यात त्याच्यासोबत कोण बसेल? त्याला काम मिळाले, तर जामीन कोण राहील? आणि उपासनेला आला, तर आपल्या बाकावर आपण थोडे सरकून बसू काय? वाळूच्या खड्ड्यात रात्र काढलेल्या एका मुलीला जर माणसे मिळाली नसती, तर केडगावचे घर उभे राहिले नसते. आपल्या मंडळीने हा प्रश्न प्रार्थनेत घ्यावा आणि प्रार्थनेवरून उठल्यावर त्या फलाटाकडे चार पावले चालावीत.