सोवळं आपणहून सुटलं

आमच्या सुरगाण्याच्या पाड्यांवर फिरताना दिसतं, मुलगा-सून प्रार्थनेला जातात नि म्हातारे आईबाप धर्माचा विषयच काढू देत नाहीत. अशा वेळी मला आपल्याच जिल्ह्यातल्या लक्ष्मीबाई टिळक आठवतात.

त्या १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या. माहेरी कडक सोवळं. १८९५ मध्ये पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि संसार दुभंगला. काही वर्षं लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्या, तरी सोवळं सोडलं नाही. टिळकांनी सक्ती केली नाही, त्यांचं स्वयंपाकपाणी वेगळंच राहू दिलं. पुढे स्वतःच विचार करत त्यांनी शिवाशिव सोडली आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ आजही वाचलं जातं. १९३६ साली त्या गेल्या.

मैत्रिणींनो, जन्मभर जपलेला देव एका संध्याकाळी सोडा, असं म्हाताऱ्यांना कसं म्हणायचं? त्यांचा देव्हारा राहू द्यावा, औषधपाणी वेळेवर करावं. आपली श्रद्धा वागण्यातून दिसली, तर तेच विचारतील. नाही विचारलं, तरी आईबाप आपलेच ना!