हिरव्या पानांचे गुपित शोधणारे डॉक्टर



यान इंगेनहाउस यांचा जन्म ८ डिसेंबर १७३० रोजी हॉलंडमधील ब्रेडा या गावी झाला. पुढच्याच वर्षी आपल्याकडे कोल्हापूर व सातारा यांच्यात वारणेचा तह झाला. इतकी जुनी ही गोष्ट! शिकून ते डॉक्टर झाले. त्या काळी देवीच्या रोगाने माणसे पटापट मरत. १७६८ साली व्हिएन्नाला जाऊन त्यांनी राजघराण्यातील मुलांना देवी टोचल्या. राणी मारिया तेरेझा यांनी खूश होऊन त्यांना दरबारचे डॉक्टर नेमले. दुसरा कोणी असता तर निवांत बसला असता. पण यांना प्रयोगांचा भारी नाद!

१७७१ साली इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली यांना दिसले, की मेणबत्ती विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली तर काही दिवसांनी तिथे मेणबत्ती पुन्हा जळते. पण हा प्रयोग कधी जमे, कधी फसे. असं का?

१७७९ च्या उन्हाळ्यात इंगेनहाउस यांनी लंडनजवळ राहून सुमारे ५०० प्रयोग केले. पाने पाण्यात बुडवून उन्हात ठेवली, तर प्राणवायूचे बुडबुडे आले. अंधारात प्राणवायू मिळेना, उलट हवा खराब झाली. ऊब नव्हे, उजेड पाहिजे, आणि हे काम झाडाचा हिरवा भागच करतो, हे त्यांनी सिद्ध केले.

पुढे इतर शास्त्रज्ञांनी त्यात भर घातली. पान उन्हात पाणी व कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर करते आणि प्राणवायू सोडते. हे प्रकाशसंश्लेषण. तीच साखर प्राणवायूच्या मदतीने वापरून शक्ती मिळवायची, ते श्वसन. त्यात पाणी व कार्बन डायऑक्साइड परत मिळतात. एकाचे उरते ते दुसऱ्याला लागते. झाड फक्त रात्रीच श्वसन करते असं नाही बरं का! ते रात्रंदिवस चालते. दिवसा अन्न करण्याचे काम जोरात असते, म्हणून ते कळत नाही.

आपल्या शिवारातला ऊस बघा. पानांनी केलेली थोडी साखर तो श्वसनात खर्च करतो, थोडी वाढीला वापरतो, उरलेली कांड्यांत साठवतो. तिचाच गुऱ्हाळात गूळ होतो. गूळ खाऊन आपण पळतो, तेव्हा आपलं शरीरही श्वसनच करतं.

रात्री झाड वाईट हवा सोडतं म्हणून दारातलं झाड तोडा, असं काही मोठी माणसं म्हणतात. पण दिवसाच्या फायद्यापुढे रात्रीचा तोटा अगदी थोडा, हे इंगेनहाउस यांनी तेव्हाच सांगून ठेवले. ७ सप्टेंबर १७९९ रोजी इंग्लंडात ते वारले. पालकहो, दारातल्या झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी त्यांची आठवण करा.