नारायणरावांना फक्त कैद झाली असती तर? राघोबादादांच्या फसलेल्या बंडाची गोष्ट

नाशिकमध्ये गोदावरीच्या काठाने गंगापूरकडे निघालं की आनंदवल्ली लागते. आज शहरात मिसळून गेलेल्या या गावाला आनंदीबाईंचं नाव आहे. त्या राघोबादादांच्या, म्हणजेच रघुनाथराव पेशव्यांच्या पत्नी. पुण्यात बिनसलं की दादा इथेच येऊन राहायचे. आणि पुण्यात त्यांचं वारंवार बिनसायचं.

थोरले बाजीराव आणि काशीबाईंचा हा मुलगा 1734 साली जन्मला. लढवय्या म्हणून दादांबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. 1758 साली त्यांनी सरहिंद घेतलं, लाहोर गाठलं आणि मराठी फौजा पार अटकेपर्यंत पोहोचल्या. अटकेपार झेंडा लावणं हा वाक्प्रचार या मोहिमेचाच.

पण पानिपतानंतर 1761 साली नानासाहेब गेले आणि पेशवाईची वस्त्रं मिळाली 16 वर्षांच्या माधवरावांना. वयाने आणि अनुभवाने मोठ्या असलेल्या काकांना हे पचलं नाही. 1762 साली आळेगावला त्यांनी पुतण्याला शरण आणलं आणि कारभार हातात घेतला. पुतण्याने तो हळूहळू परत मिळवला. शेवटी 1768 साली नाशिक जिल्ह्यातल्या धोडपला दादांचा पराभव झाला आणि त्यांची रवानगी शनिवारवाड्यात कैदेत झाली.

1772 साली माधवराव गेले. धाकटे नारायणराव पेशवे झाले. काका पुन्हा नजरकैदेत पडले.

मग आला 30 ऑगस्ट 1773. ऐन गणेशोत्सवात सुमेरसिंग गारदी आपली माणसं घेऊन शनिवारवाड्यात घुसला. निमित्त होतं थकलेल्या पगाराचं. नारायणरावांना पकडायचं आणि दादांना पेशवे करायचं, असा मूळ डाव असल्याचं मानलं जातं. पण जीव वाचवायला काकांकडे धावलेल्या 18 वर्षांच्या पेशव्यांना गारद्यांनी तिथेच कापून काढलं. आनंदीबाईंनी पत्रात ध चा मा केला, धरावेचं मारावे झालं, ही कथा घरोघरी माहीत आहे. तिला ठोस पुरावा मात्र नाही.

आता समजा, त्या दिवशी नुसती कैद झाली असती तर?

तर दादांचं बंड बहुधा पचलं असतं. पेशवे घराण्यात काका-पुतण्याने एकमेकांना नमवणं नवीन नव्हतं. आळेगावनंतर कारभारी मंडळींनी दादांची सत्ता चालवून घेतलीच होती. खुनाने मात्र सगळं बदललं. रामशास्त्री प्रभुणे यांनी दादांना दोषी ठरवलं आणि पुणं सोडलं. एकेकाळी दादांच्या बाजूने असणारे सखारामबापू बोकील नाना फडणवीसांसोबत बारभाईंच्या कारस्थानात उतरले. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. 18 एप्रिल 1774 ला पुरंदरवर सवाई माधवराव जन्मले आणि गादीला वारस मिळाला. एका दिवसात साधलेलं बंड आठ महिन्यांच्या आत कोसळलं.

खरी किंमत पुढे मोजावी लागली. आधार सुटलेले दादा इंग्रजांकडे गेले. मार्च 1775 च्या सुरतेच्या तहात त्यांनी फौजेच्या बदल्यात साष्टी आणि वसई देऊ केली. त्यातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. 1779 साली वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना नमवलं, पण 1782 च्या सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याकडेच राहिली. इंग्रजांनी दादांची बाजू सोडली. दादांच्या वाट्याला आली महिना 25,000 रुपयांची नेमणूक.

गोदाकाठच्याच कोपरगावला 11 डिसेंबर 1783 रोजी दादांचा मृत्यू झाला. त्यांचा मुलगा दुसरा बाजीराव पुढे पेशवा झाला. 1802 साली वसईचा तह करून तोही इंग्रजांच्याच आश्रयाला गेला.

बंडासाठी भाड्याची तलवार मिळते, पण ती कुठे थांबेल हे तिच्या मालकालाही सांगता येत नाही. अटकेपर्यंत फौज नेणाऱ्या दादांना आपल्याच वाड्यातले गारदी आवरता आले नाहीत.