अंगणवाडीच्या ताराबाई

न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावरच्या कंटेनरच्या रांगा तुम्ही रोज बघता. पण आसपासच्या गावातली अंगणवाडी कधी नीट बघितलीय? तिथल्या ताई पोरांना शिकवतात, वजनं घेतात, खाऊ देतात, नोंदी ठेवतात. हे सगळं सुरू कुठून झालं, हे शोधायचं तर ताराबाई मोडकांना भेटावं लागेल.

ताराबाई १८९२ साली मुंबईत जन्मल्या, १९१४ मध्ये बी.ए. झाल्या. तेव्हा पदवीधर मुली बोटांवर मोजण्याइतक्या! लग्न टिकलं नाही. मग राजकोटला त्या महिला अध्यापक विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. १९२३ मध्ये ती खुर्ची सोडून त्या भावनगरला गेल्या, गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात. आज कुणी असं केलं, तरी घरचे वेड्यात काढतील. गंमत बघा, छोट्यांना शिकवणाऱ्या गिजुभाईंना लोक मिशीवाली आई म्हणायचे. म्हणजे हे काम आईचंच, हे तेव्हाही ठरलेलं होतं!

ताराबाईंना मात्र ते शास्त्र वाटायचं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, पुढे शिक्षिकांचं प्रशिक्षणही. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, सोबतीला अनुताई वाघ आल्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. नखं काप, केस विंचर, मग शिंपल्या-बियांनी खेळत शिकव. १९५७ नंतर कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर हेच काम चाललं. १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९७३ मध्ये त्या गेल्या.

दोनच वर्षांनी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना आली. गावोगावी अंगणवाड्या झाल्या, पण सेविकांना पगार नाही, मानधन! २०१८ मध्ये केंद्राने ते ३००० वरून ४५०० रुपये केलं. राज्य त्यात भर घालतं. ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टाला २०२२ मध्ये सांगावं लागलं.

बंदरातली क्रेन चालवायला ट्रेनिंग लागतं, हे आपण लगेच मान्य करतो. तीन वर्षांची वीस पोरं सांभाळून शिकवणं मात्र बायकांना आपोआप जमतं, असं समजतो. ताराबाईंनी आयुष्यभर हाच समज खोडला. उद्या कॉलेजला जाताना अंगणवाडीत डोकवा. ताईंना दिवसभराचं काम विचारा आणि मग त्याचा पगार किती असायला हवा, याचा हिशेब तुम्हीच करा.