बेने इस्राएलांचे इतिहासकार : हाईम शमुएल केहीमकर

अलिबागच्या उत्तरेस समुद्रकाठीं किहीम नांवाचें एक गांव आहे. त्या गांवचे ते केहीमकर, पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, दिव्याचे ते दिवेकर. कोंकणांतील बेने इस्राएल लोकांनीं आपलीं आडनांवें अशीं गांवांवरून घेतलीं. त्यामुळें वर्गांतील एखादा पेणकर हिंदु आहे कीं इस्राएल, हें हजेरीपटावरील आडनांवावरून सांगतां येत नसे. या लोकांपाशीं आपल्या आगमनाची साक्ष देणारा ग्रंथ नव्हता, कीं शिलालेख नव्हता. त्यांचा इतिहास गांवांचीं नांवें, घरांतील चाली आणि वृद्धांच्या आठवणी यांवरून जुळवावा लागला. तें काम ज्यांनीं केलें त्या हाईम शमुएल केहीमकर यांचा जन्म १८३० सालीं झाला.

तो काळ कंपनी सरकारचा होता. मुंबईंत व कोंकणांत अमेरिकन मिशनऱ्यांच्या मराठी शाळा निघाल्या होत्या व त्यांत बेने इस्राएलांचीं बरींच मुलें शिकत. डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींतून प्रसिद्ध केलें. मराठींत उतरलेला जुना करार हातीं आला तेव्हां, ज्या एलियाहू संदेष्ट्याच्या नांवानें आपल्या घरीं मलिदा करतात त्याची कथा या लोकांस छापलेली वाचावयास मिळाली. मिशनऱ्यांस धर्मांतराची जी आशा होती ती मात्र फारशी सफळ झाली नाहीं. वाचावयास शिकलेले बहुतेक लोक आपल्याच धर्मांत अधिक दृढ झाले. मिशनच्या शाळेच्या अंकांतही हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

केहीमकर तेवीस वर्षांचे असतां, म्हणजे १८५३ सालीं, त्यांनीं आपले भाऊ व कांहीं स्नेही यांच्या साह्यानें समाजांत विद्येचा प्रसार करण्यासाठीं एक मंडळी स्थापिली. समाज लहान व गरीब. त्यामुळें मुंबईंत इस्राएली शाळा उघडण्यास १८७५ साल उजाडलें. बावीस वर्षें ! तींत इतर विषयांबरोबर हिब्रूही शिकवीत. पुढें लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनचें साह्य मिळालें, आणि तीच संस्था कालांतरानें माझगांवांत सर एली कदूरी यांच्या नांवानें ओळखली जाऊं लागली.

शाळेइतकेंच दुसरें एक काम त्यांनीं मनावर घेतलें होतें. बेने इस्राएलांत परंपरेनें अशी कथा चालत आली होती कीं, फार प्राचीन काळीं नवगांवजवळ एक गलबत फुटलें, त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, पोथ्यापुस्तकें सर्व बुडालीं, आणि मृतांस किनाऱ्याजवळ पुरण्यांत आलें. वांचलेल्यांनीं तेल गाळण्याचा धंदा धरला. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणूं लागले. केहीमकर ही कथा सांगून थांबले नाहींत. नव्याचा सण, दारफाळणीचा सण अशा मराठी नांवांखालीं कोणते प्राचीन सण दडले आहेत, आठव्या दिवशीं सुंता करण्याची चाल कशी टिकली, खवले नसलेली मासळी कां वर्ज्य, हें सर्व त्यांनीं तपासलें. हनुक्का हा सण मात्र या लोकांस मुळींच ठाऊक नव्हता. ज्या घटनेमुळें तो सुरू झाला ती इ. स. पूर्व १६४ च्या सुमाराची. तेव्हां आपले पूर्वज त्यापूर्वींच, इ. स. पूर्व १७५ च्या सुमारास, मायदेशांतून निघाले असले पाहिजेत, असा त्यांनीं तर्क केला. तर्क चतुर आहे. परंतु तो निर्णायक पुरावा नव्हे. जो सण कधीं नव्हताच आणि जो शतकांच्या ओघांत विसरला गेला, त्या दोहोंतला भेद आज कोण सांगणार ?

त्यांची भूमि अधिक पक्की आहे ती इंग्रजी अमलांतील पूर्वजांविषयीं. कोंकणांतील तेली कंपनीच्या पलटणींत शिरले आणि सुभेदार-जमादार झाले. त्यांतील शमुएल इझेकिएल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर हे म्हैसूरच्या १७८० ते १७८४ च्या युद्धांत टिपूच्या कैदेंत पडले; सुटका झाल्यावर त्यांनीं १७९६ सालीं मुंबईंत मांडवी भागांत बेने इस्राएलांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें, आणि पुढच्याच वर्षीं कोचीन येथें देह ठेविला. अशा सैनिकांचीं नांवें व हुद्दे केहीमकर यांनीं नोंदून ठेविले नसते, तर आज कित्येक घराण्यांस पणजोबांच्या पलीकडचें कांहींच सांगतां आलें नसतें.

हा खटाटोप हौसेचा नव्हता. मुंबईंत आलेले बगदादी ज्यू बेने इस्राएलांस आपल्या बरोबरीचे मानीत नसत. दफनभूमींत दोघांमध्यें भिंत घालावी असा अर्ज १८३६ सालींच सरकारकडे गेला होता. म्हणून केहीमकर यांनीं आपला ग्रंथ इंग्रजींत लिहिला, कीं तो परदेशींच्या ज्यू बांधवांनींही वाचावा. १८९७ सालीं लेखन पुरें झालें. पण ग्रंथ छापलेला पाहण्याचें त्यांच्या नशिबीं नव्हतें. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकांत ते निवर्तले. हस्तलिखित तसेंच पडून राहिलें. पुढें १९३६ सालीं डॉ. इमॅन्युएल ओल्सवँगर हे हिंदुस्थानांत आले आणि त्यांच्या संपादनाखालीं तो ग्रंथ १९३७ सालीं तेल अवीव येथें प्रसिद्ध झाला.

जो प्रश्न केहीमकर यांस सतावीत होता तो मिटला नव्हता. १९४८ नंतर हजारों बेने इस्राएल इस्राएल देशांत जाऊन राहिले. तेथें १९६२ सालीं मुख्य धर्मपीठानें आदेश काढला कीं, विवाहापूर्वीं या लोकांचे आईकडील पूर्वज शक्य तितके मागेंपर्यंत तपासावे. घाणा चालविणाऱ्या पणजीचा दाखला कोणी कोठून आणावा ? समाजानें मोठी चळवळ केली, आणि १९६४ सालीं तेथील सरकारनें बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यूच होत, असें जाहीर केलें. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनांतही त्यांच्यांत मध्यपूर्वेंतील ज्यू आणि हिंदी अशा दोन्ही रक्तांच्या खुणा आढळल्या.

गलबत कोणत्या सालीं फुटलें, हें त्या संशोधनानें सांगितलेलें नाहीं. नवगांवास त्या बुडालेल्यांच्या स्मरणार्थ आतां एक स्तंभ उभा आहे. केहीमकरांचें किहीम तेथून जवळच आहे.